विहीणबाईंचं लाल पाकीट

माझ्या मुलीच्या सासूबाई जर्मनीत एर्लांगेनला राहतात आणि मी स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेनला. मध्ये तीन-चार तासांचा गाडीचा प्रवास आहे. ते अंतर बरोबर आहे असं मला नेहमी वाटत आलंय. आमचं भांडण नाही. पण त्या मुलाकडच्या, मी मुलीकडची, आणि लग्नाला एवढी वर्षं झाली तरी त्यांनी सांगायचं आणि मी करायचं ही पद्धत काही सुटलेली नाही. त्या कॉलेजात शिकलेल्या. मी चौथीपर्यंत. त्यांचे यजमान मोठ्या कंपनीत संशोधन करायचे. माझे कारखान्यात लेथवर होते आणि मी हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी इस्त्री करायचे. आता दोघींचेही यजमान नाहीत.

विहीणबाईंनी भारताचा पासपोर्ट कितीतरी वर्षं सोडला नव्हता. मी माझा केव्हाच सोडला. दर वेळी परदेशी लोकांच्या कचेरीत रांगेत उभं राहायचा मला कंटाळा आला होता. इथला पासपोर्ट मिळाला त्या दिवशी मी कामावर गेले आणि संध्याकाळी बटाट्याची भाजी केली, एवढंच आठवतं. विहीणबाईंचं तसं नव्हतं. आधी यजमान गेले, मग पुण्याचा भाऊ गेला, तेव्हा कुठे त्यांनी अर्ज केला. जुना पासपोर्ट कोपरा कापून परत आला, तर त्या फोनवर रडायला लागल्या.

मी म्हटलं, "पासपोर्ट कापलाय, विहीणबाई. तुम्हाला नाही कापलं."

त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला, कारण ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. त्या दिवशी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली.

"माझं लग्न विसाव्या वर्षी झालं आणि लगेच मी इकडे आले. तेव्हा आपल्याकडे एकविसावं लागल्याशिवाय मत देता यायचं नाही. इकडे आले तर मी परकी. म्हणजे मी जन्मात एकदाही मत दिलेलं नाही. एकदाही नाही हो."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. माझ्या आमटीत गूळ किती पडावा हे ज्या ठरवतात, त्यांना सरकार ठरवताना कुणी विचारलंच नव्हतं.

"आता द्याल की," मी म्हटलं.

"आता देणारच," त्या म्हणाल्या.

आणि नेमकी निवडणूक अचानक लागली. इथलं सरकार वेळेआधी मोडलं आणि भर हिवाळ्यात, फेब्रुवारीत, मतदान ठरलं. विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात आधीच ठरलेलं होतं. बहिणीच्या घरी राहायचं, मुलाने सोबत जायचं, तिकिटं काढलेली. माझा जावई म्हणाला, "आई, एका मताने काय होतंय?" त्याने स्वतः अजून भारताचाच पासपोर्ट ठेवलाय, त्याला बोलायला काय जातं?

विहीणबाईंनी निघण्यापूर्वी पोस्टाने मत द्यायचा अर्ज केला. याला इथे ब्रीफवाल म्हणतात. आधी मागणी करायची, मग कागद घरी येतात, भरून परत पाठवायचे. पण मतपत्रिका अजून छापल्याच नव्हत्या. त्या एर्लांगेनच्या बंद घरात येऊन पडू नयेत म्हणून विहीणबाईंनी अर्जात पत्ता दिला माझा. मला न विचारता.

"तुम्ही घरीच असता ना," त्या म्हणाल्या.

पाकीट आलं तेव्हा विहीणबाईंचा गुडघा नवा झाला होता आणि त्या पुण्यात पलंगावर होत्या. मी स्वतः कधी पोस्टाने मत दिलेलं नाही. माझं मतदान केंद्र कोपऱ्यावरच्या शाळेत असतं, चालत जाते आणि येताना पाव आणते. त्यामुळे यातलं मला काही माहीत नव्हतं. संध्याकाळी मुलगी कामावरून आली. ती नर्स आहे, कागद नीट वाचायची तिला सवय आहे. आम्ही दोघींनी टेबल पुसलं आणि सगळं मांडलं. एक मतपत्रिका. ती घालायचं एक लहान पाकीट. सहीचा एक कागद. आणि ते सगळं घालून पाठवायचं एक लाल पाकीट, ज्याच्यावर एर्लांगेनचा पत्ता छापलेला. सोबत सूचनांचा कागद.

मग पुण्याला फोन लावला.

"आलं का?" विहीणबाई खूश झाल्या. "मग आता असं करा, तुम्हीच भरून टाका. कुणापुढे फुली मारायची ते मी सांगते. आणि सही करा माझ्या नावाची. माझी सही काही अवघड नाही, मराठीतच आहे."

मला यात काही वावगं वाटलं नाही, खरं सांगते. आपल्या घरांत कागद एक जण भरतो आणि सह्या होत राहतात. पण मुलगी मागून ओरडली, "आई, नाही हं! अजिबात नाही. या सहीच्या कागदावर शपथेवर लिहिलंय की मतपत्रिका मी स्वतः भरली. ज्याला वाचता येत नाही किंवा हात चालत नाही त्याला मदत घेता येते, पण तो माणूस सांगणार आणि मदतनीस तेवढंच करणार. एर्लांगेनच्या आईंचा गुडघा दुखतोय, हात नाही."

मुलगी मला आई म्हणते आणि सासूबाईंनाही आई म्हणते, म्हणून त्या 'एर्लांगेनच्या आई'.

"मग माझं मत?" विहीणबाईंचा आवाज एकदम लहान झाला. "पुढची निवडणूक चार वर्षांनी. तोवर मी असेन का, काय सांगावं."

"असाल हो," मी म्हटलं. "तुमच्यासारख्या माणसांना काही होत नाही."

मुलीने कुरिअर करायचं सुचवलं. विहीणबाईंना ते पटेना. "कुरिअरवाल्याच्या हातात माझं मत? आपली माणसं येत-जात असताना? बघा ना, कुणी जाणारं आहे का."

कुणी जाणारं आहे का. हे वाक्य मी या देशात जितक्या वेळा ऐकलंय तितकं दुसरं कुठलंही नाही. औषधं, मेतकूट, लग्नाच्या साड्या, कवळी, सगळं असंच जातं-येतं. मुलीने इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं आणि अर्ध्या तासात माणूस मिळाला. आमच्याच भागात राहणारा एक पुण्याचा इंजिनिअर साखरपुड्याला निघाला होता, स्वतःच्याच. गुरुवारी परत येणार होता. मतदान रविवारी. मुलगी सूचनांवर बोट ठेवून म्हणाली, "गुरुवारी सकाळीच आला तर लगेच इथल्या पोस्टाच्या पेटीत टाकता येईल. देशातल्या देशात तिकीट लावावं लागत नाही. पण त्याच्यापुढे ढकलायचं नाही. रविवारी संध्याकाळी सहाच्या आत ते एर्लांगेनच्या कचेरीत पोचलेलं पाहिजे. शिक्का कधीचा आहे ते इथे कुणी बघत नाही, पोचलं की नाही एवढंच बघतात."

तो इंजिनिअर पाकीट घेऊन गेला. मी त्याला चहा दिला आणि दम दिला. दोन्ही त्याने मुकाट्याने घेतले.

मधल्या काळात मंडळाचं हळदीकुंकू झालं. रथसप्तमी उलटून गेली होती, पण इथे हळदीकुंकू हॉल मिळेल तेव्हा होतं. मी वाणाचा प्लास्टिकचा डबा घेतला आणि शेजारी बसलेल्या मुलींना विचारत सुटले, "तुझा पासपोर्ट कुठला? इथला? मग पाकीट मागवलंयस का? भरलंस का? टाकलंस का?" अलीकडे बऱ्याच जणींना इथलं नागरिकत्व मिळालंय. एक म्हणाली, "आजी, ऑनलाइन नसतं का?" मागणी ऑनलाइन करता येते, मत नाही, हे दुसरीने तिला सांगितलं. तिसरी म्हणाली पाकीट आलंय, पण मुलाच्या शाळेच्या कागदांखाली कुठेतरी आहे. मी तिला डबा हातात असतानाच घरी फोन करायला लावला. नवऱ्याने शोधलं, सापडलं. तिची मुलगी जर्मनमध्ये म्हणाली, मम्मा, नशीब तुझं. चौथीला लक्षात आलं की तिने सहीचा कागद लहान पाकिटात मतपत्रिकेबरोबरच कोंबलाय. तो बाहेर हवा, लाल पाकिटात, नाहीतर अख्खं पाकीट बाद. अजून टाकलं नव्हतं म्हणून बरं. ती म्हणाली आत्ताच जाऊन उघडते. मी म्हटलं, कुंकू तरी लावून जा.

गुरुवार आला, इंजिनिअर आला नाही. त्याचा फोन आला. साखरपुडा चांगला झाला होता, मुलीकडच्या लोकांनी अजून दोन दिवस ठेवून घेतलं होतं, तिकीट बदललं होतं.

"अरे, पण पाकीट?"

"आजी, शनिवारी दुपारी नक्की. पाकीट माझ्या हातातल्याच बॅगेत आहे."

"हातातल्या बॅगेत आहे, पण बॅग पुण्यात आहे ना?"

त्याला काय बोलणार? नवीन सासुरवाडीला नाही म्हणायची कुणाची हिंमत असते? मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "जा, मग पोस्ट संपलं. शनिवारचं टाकलेलं रविवारी पोचत नाही."

विहीणबाईंचाही फोन आला. "तुमच्या कोपऱ्यावरच्या शाळेत नाही का टाकता येणार? तिथेही मतपेटीच असते ना?"

नाही. तेही मुलीने बघून ठेवलं होतं. शाळेतल्या पेटीत दुसऱ्या गावाचं लाल पाकीट घेत नाहीत. पाकिटावर जो पत्ता छापलाय तिथेच ते जायला पाहिजे. पोस्टाने गेलं काय, कुणी हातात नेऊन दिलं काय, त्यांना चालतं. नेणारा कोण हेही विचारत नाहीत.

"म्हणजे कुणीतरी जाणारं पाहिजे," विहीणबाई म्हणाल्या. आणि पुढे जोडलं, "एर्लांगेनला."

तुम्ही जा, असं त्यांनी मला सांगितलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. मुलीची रविवारी ड्यूटी होती. जावई पुण्यात. माझ्याकडे महिन्याचा पास आहे, साध्या गाड्यांना चालतो.

मी म्हटलं, "बघते."

शनिवारी दुपारी इंजिनिअर दारात उभा राहिला. डोळे लाल, बोटात अंगठी. त्याने मला एक पिशवी दिली. त्यात मेतकूट, कुरडया आणि विहीणबाईंच्या बहिणीने केलेला गोडा मसाला होता. लाल पाकीट त्याने वेगळं, छातीशी धरून आणलं होतं.

पाकीट उघडं होतं.

"हे कुणी उघडलं?"

"उघडंच दिलं होतं पुण्याच्या आजींनी," तो घाईघाईने म्हणाला. "म्हणाल्या, बंद करून कसं देऊ, तुला काय नेतोयस ते कळायला नको का? विमानतळावर विचारलं तर?"

आपली ही रीतच आहे. कुणाबरोबर पाठवायची वस्तू बंद करून द्यायची नाही. द्यायची ती उघडी, नेणाऱ्याने बघून घ्यायची. बंद दिली तर त्याला वाटतं आपल्यावर विश्वास नाही, किंवा काही भलतंच आहे. चिवड्याच्या पिशवीला गाठसुद्धा सैल मारतात. मी आत बघितलं. सहीचा कागद होता, खाली मराठीत सही, ठळक. आणि लहान पाकीट. तेही उघडं. आत मतपत्रिका, दोनदा घडी घातलेली.

"आजी, मी बघितलं नाही हं," तो म्हणाला. "खरंच नाही."

"बघितलं असशील तर मला सांगू नकोस. जा, झोप."

तो गेला. मी टेबलाशी बसले. दोन्ही पाकिटं उघडी राहिली तर मत बाद होतं, हे मुलीने वाचून दाखवलेलं होतं. तेव्हा बंद तर करायचीच होती. पण बंद करायच्या आधी ती घडी माझ्या हातात होती. राजकारणावरून विहीणबाईंचं आणि माझं कधी पटलेलं नाही. मला भाड्याचं आणि पेन्शनचं पडलेलं असतं. त्यांना शिस्तीचं, आणि आमच्यानंतर आलेल्या लोकांनी कसं वागावं त्याचं. त्यांनी फुली कुठे मारली असेल याचा मला अंदाज होता. अंदाज खरा असला तर मी रविवारचा अख्खा दिवस घालवून जे मत पोचवणार होते ते माझं मत खोडणारं होतं. घडी उलगडायला एक बोट पुरलं असतं. घरात कुणी नव्हतं.

मी उलगडली नाही. त्यात मोठेपणा काही नाही. बघितलं असतं आणि अंदाज खरा निघाला असता, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाय दुखतात असं मी स्वतःला पटवलं असतं. मला मी माहीत आहे. म्हणून न बघता लहान पाकीट चाटून चिकटवलं. ते लाल पाकिटात घातलं, सहीचा कागद त्याच्या शेजारी ठेवला, आणि लाल पाकीटही चिकटवलं. गोंदाची चव घाणेरडी होती. वरून एक ग्लास पाणी प्यायले.

रविवारी सकाळी शाळा उघडली तेव्हा रांगेत दुसरी होते. माझं मत दिलं. मग स्टेशनला गेले. स्टुटगार्टहून न्युर्नबर्गची गाडी खेड्यापाड्यांतून जाते, प्रत्येक ठिकाणी थांबते. डबा भरलेला होता. समोर एक जर्मन बाई बसली होती, साधारण माझ्याच वयाची. माझ्या मांडीवरच्या पर्समधून लाल कोपरा बाहेर आला होता, तो तिने बघितला.

"ते आज पोस्टात टाकायला उशीर झालाय," ती म्हणाली.

"माहीत आहे. मीच पोस्ट आहे," मी म्हटलं.

ती हसली. विचारलं, तुमचं आहे का? मी म्हटलं, नाही, मुलीच्या सासूचं. ती म्हणाली, मी माझ्या मुलीच्या सासूसाठी रस्तासुद्धा ओलांडणार नाही. मी म्हटलं, मीही ओलांडत नाही, गाडीने चाललेय. क्राइल्सहाइमला गाडी बराच वेळ उभी राहिली. पुढचा सिग्नल मिळत नव्हता म्हणे. मी घड्याळाकडे बघत होते आणि ती बाई माझ्याकडे. तिने पिशवीतून उकडलेलं अंडं काढून मला दिलं. मी तिला कुरडई दिली, तळलेली, घरून घेतली होती. तिने विचारलं हे काय आहे. मला गव्हाच्या चिकाला जर्मनमध्ये काय म्हणतात ते अजून माहीत नाही. म्हटलं, खाऊन बघा. न्युर्नबर्गला पुढची गाडी समोरच्याच फलाटावर होती, ती बाई माझी पर्स घेऊन माझ्यापुढे धावली आणि दारात पाय रोवून उभी राहिली. मी चढल्यावर उतरली.

एर्लांगेनला ऊन होतं, थंडी होती आणि रविवार असूनही सायकलीच सायकली. राटहाउस म्हणजे नगरपालिकेची उंच इमारत आहे, चुकायची शक्यता नाही. बाहेर भिंतीत पत्रपेटी. मी फोन लावला. विहीणबाईंनी आदल्या दिवशीच बजावलं होतं की टाकताना दाखवा. पुण्यात संध्याकाळ झाली होती. पडद्यावर आधी छत दिसलं, मग विहीणबाईंचं कपाळ.

"थांबा, थांबा! चष्मा लावू दे."

मी थांबले. हात गारठला होता. मागे जावयाचा आवाज आला, "आई, टाकू दे ना त्यांना." विहीणबाई म्हणाल्या, "तू गप्प बस. तुला कुठे मत आहे?"

एका हातात फोन, एका हातात पाकीट. पेटीची फट अरुंद होती. पाकीट अर्धं गेलं आणि अडकलं. मी तळहाताने ढकललं. आत पडल्याचा आवाज आला, बऱ्याच कागदांवर एक कागद पडतो तसा. म्हणजे आमच्यासारखे उशिराचे आणखीही होते.

"पडलं?"

"पडलं."

मला वाटलं आता रडतात. फोन दुसरीकडे फिरवावा असं मनात आलं, कारण रडणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते मला कधीच सुचलेलं नाही. पण त्या रडल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि पेटीकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात आतून एक माणूस टोपली घेऊन आला, पेटी उघडली आणि सगळी पाकिटं टोपलीत काढली. सगळी लाल. मी त्याला विचारलं, वेळेत आहे ना? त्याने वर घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. "भरपूर वेळ आहे," म्हणाला. मी विचारलं, मोजणार ना? तो म्हणाला, आत सही असेल तर मोजणार. सही आहे, मी म्हटलं, मी बघितलीय. फोनमधून विहीणबाई मोठ्याने जर्मनमध्ये म्हणाल्या, "माझी सही आहे! माझी आहे ती!" तो माणूस दचकला, मग फोनकडे बघून त्याने मान लववली आणि टोपली घेऊन आत गेला.

"तुम्ही कुणाला दिलंत सकाळी?" विहीणबाईंनी विचारलं.

"सांगणार नाही."

"मीही नाही सांगणार. पण मला माहीत आहे तुम्ही कुणाला दिलं असेल ते."

"मलाही माहीत आहे."

"बघितलंत?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. पडद्यात माणूस नीट दिसत नाही, पण त्यांनी बघितलं. "नाही बघितलंत," त्या म्हणाल्या. "बघितलं असतं तर आला नसतात."

मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"म्हणजे दोघींची वजाबाकी होऊन शून्य?" त्या म्हणाल्या.

"शून्य कसं? दोघींची मोजली जाणार. हिशोब त्यांचं ते बघतील."

विहीणबाई हसायला लागल्या आणि गुडघा दुखला म्हणून थांबल्या. मग लगेच त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. एर्लांगेनला नगरपालिकेची निवडणूकही पुढे आहे, म्हणाल्या. शेजारीण सांगत होती की त्या निवडणुकीची मतपत्रिका चादरीएवढी असते आणि एका माणसाला इतक्या फुल्या मारता येतात की पेन्सिल झिजते. तेव्हा त्या इथेच असणार, हिवाळ्यात पुण्याला जाणार नाहीत, स्वतःच्या पायाने राटहाउसला जाणार. मी आदल्या दिवशी एर्लांगेनला यायचं आणि त्यांच्यासोबत चालायचं.

"आणि हो, विहीणबाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही धुलाईघरात होतात ना? एवढ्या मोठ्या कागदाची घडी कशी घालायची ते तुम्हीच दाखवा. फुल्या माझ्या मी मारीन."

मी म्हटलं, "येईन. आमटी मात्र मी करणार."

फोन ठेवला. परतीच्या गाडीला वेळ होता. कोपऱ्यावरच्या दुकानात बसले आणि कॉफी मागवली, केकही मागवला.